घामच आहे, ताई

११ मार्च

दीड वर्षाहून जास्त काळ इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी. एवढं लिहीपर्यंत नवरा मागून डोकावला आणि म्हणाला, "आता वहीचीसुद्धा माफी? ती बिचारी कपाटात सुखात होती की." त्याला हाकललं. पण त्याचं खरं आहे. कोणाची माफी मागायची राहिली नाही ना, हे तपासल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही.

मागची शेवटची नोंद भावाच्या मनगटाच्या सीलची आहे. आत्ता वाचली आणि पान पटकन उलटलं. आमच्या जलाशयात पाणबुडे उतरतात, तळाजवळच्या जाळ्यांना चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडून काढतात; त्याच जाळ्यांमधून सगळ्या शहराचं पिण्याचं पाणी ओढलं जातं. पाणी बाराही महिने हाडं गोठवणारं, म्हणून ड्रायसूट घालावा लागतो. सूट भक्कम असतो. पण गळा आणि मनगटं जिथून बाहेर येतात, तिथे पाणी अडवायला असतं ते फक्त लेटेक्सचं सील, फुग्याच्या रबरापेक्षा थोडंसंच जाड. हे सगळं सामान माझ्या ताब्यात असतं. तेव्हा मी सूट कॉम्प्रेसरच्या खोलीत वाळत घालायचे, कारण ती खोली उबदार, अंधारी, कोरडी. मोटर चालली की हवेत ओझोन होतो आणि ओझोन लेटेक्स खातो, हे रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला आठवायला हवं होतं. डाव्या मनगटाचं सील खाली फाटलं. बेडूक बर्फासारखं पाणी अंगावर घेऊन वर आला आणि न्यूमोनियाने आडवा झाला.

बेडूक म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी पाण्याच्या टाकीतून बाहेरच यायचा नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता सगळं खातं त्याला बेडूकराव म्हणतं. ही नोकरीही मीच त्याला लावून दिली.

तेव्हापासून सीलं टिकवणं हाच माझा ध्यास. सूट आता मागच्या थंड कोठडीत, काळ्या पिशव्यांत. रोज काम संपलं की सीलं आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुते, कारण कातडीचं तेल रबराला हळूहळू मारतं. सावलीत वाळवते. मग बिनवासाची टाल्कम पावडर. वासाच्या पावडरीत तेल असतं. तांब्या-पितळेची वस्तू जवळपास नाही. सूट चढवताना नखं लावायची नाहीत, बोटं जुळवून हात आत सरकवायचा, नाहीतर माझ्याशी गाठ. पाणबुडे मला पाठीमागे 'सासूबाई' म्हणतात. तोंडावर फक्त बेडूक म्हणतो.

फळ मिळालं. इथे इतका वापर असतो की गळ्याचं सील वर्षभरात चिकट व्हायला लागतं, मग तडकतं. बेडकाचं सील त्या न्यूमोनियानंतर बसवलेलं आहे, ते अजून तसंच मऊ. आज साहेब कोठडीत आले, सील ताणून दिव्यासमोर धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मे महिन्यात इतर जलकेंद्रांची माणसं येणार आहेत. त्यांना हेच सील दाखवून तुम्ही माहिती द्या, म्हणाले.

फार आनंद झाला. मग आनंद झाल्याचं वाईट वाटलं. जो आजारी पडला त्याच्या जिवावर मी शिकले आणि शाबासकी मला.

१४ मार्च

आज बेडूक वर आला तेव्हा आतल्या बनियनचा छातीचा भाग ओला होता. मी विचारलं. "घामच आहे, ताई," म्हणाला. "खाली जाळीशी कुस्ती असते, तुझ्यासारखं पावडर लावायचं काम नाही." दोरकाका तोंड फिरवून हसले. दोरकाका म्हणजे काठावर बसून त्याची दोरी हातात धरणारे. पाणबुड्याने खालून दोरी ओढली की काका ओळखतात त्याला काय हवंय. दोघांमध्ये माझ्या समजण्यापलीकडची एक भाषा आहे.

बनियन मीच धुतला. शेवाळाचा वास येत होता. इथे सगळ्यालाच येतो, माझ्या जेवणाच्या डब्यालासुद्धा.

२२ मार्च

थंड पाण्यात हात घालून घालून माझ्या बोटांना भेगा पडल्यात. भावजयीने एक मलम आणून दिलं. काळजी करते पोरगी. मी तिला सांगितलं, कामाच्या दिवशी लावणार नाही, मलमाचं तेल सीलला लागेल. ती म्हणाली, "ताई, हात तुमचे आहेत. सीलला दुसरे मिळतील." मला ते जरा लागलं. मग वाटलं, तिने प्रेमानेच आणलं होतं आणि मी तिला रबराचं शास्त्र ऐकवलं. रविवारी जाऊन बोलायला हवं.

बेडकाच्या आतल्या सूटच्या खिशात सायकलच्या ट्यूबचं एक कडं सापडलं, ट्यूब आडवी कापून केलेलं. नळ्या एकत्र बांधायला ठेवलं असणार. रबर ते रबर. धुतलं, वाळवलं, पावडर लावली आणि परत खिशात ठेवलं. उगाच कोणाच्या खिशात हात घातला असं वाटू नये म्हणून त्याला सांगितलंही. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तू धन्य आहेस."

३० मार्च

बनियन पुन्हा ओला. पुन्हा घाम. ऊन वाढतंय हे खरं, पण तळाशी कुठलं ऊन? तरी खालच्या श्रमांचा अंदाज मला काठावर बसून कसा येणार? त्याच्या शब्दावर शंका घेतल्याचं वाईट वाटलं. संध्याकाळी फोन करून उगाचच इकडचं तिकडचं बोलले. शेवटी तोच म्हणाला, "काय झालंय ते सांग आणि ठेव फोन, आमटीत मीठ घालायचं राहिलंय."

५ एप्रिल

रविवारी जेवायला भावाकडे गेलो होतो. भावजयीने हळूच विचारलं, सीलचा वळ गळ्यावर इतका वेळ राहतो का? बघितलं तर बेडकाच्या गळ्याभोवती लाल रेघ होती, बोटभर रुंद, अगदी सरळ. मी सांगितलं, नवं सील घट्ट असतं तेव्हा राहतो, पण याचं सील आता छान मवाळ झालंय, त्याने वळ उठणार नाही. त्याची कातडीच तशी आहे, लहानपणी डास चावला तरी आठवडाभर लाल. बेडूक जेवताना मान खाली घालून बसला होता. भावजय त्याच्याकडे बघत होती.

मलमाबद्दल तिची माफी मागायची राहूनच गेली.

९ एप्रिल

आज बेडूक कोठडीत आला होता, एकटाच. इकडे तिकडे हात लावत राहिला. फळीवरची नव्या सीलची पिशवी उचलली, ठेवली. मग म्हणाला, "ताई, नवीन लावून बघायचं का? सहज."

मी म्हणाले, का? काही होतंय का? तो म्हणाला, छे, सहजच. मी त्याचं सील पिशवीतून काढलं आणि दिव्यासमोर ताणून दाखवलं. कडेला एक तडा नाही, चिकटपणा नाही, डाग नाही. त्याला सांगितलं की फक्त मेपर्यंत थांबू, साहेबांनी हेच सील दाखवायचं ठरवलंय, सभा झाली की त्याच दिवशी बदलून देते.

"बरं बरं, राहू दे," म्हणाला. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

लिहिताना आत्ता काहीतरी टोचतंय. मी माझ्या कौतुकासाठी सील ठेवतेय का? प्रामाणिकपणे विचार केला. तडा असता तर क्षणभरही ठेवलं नसतं. मग चूक कुठे? तरी टोचतंय. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुला कधी न टोचलेलं मला आठवत नाही. झोप."

१७ एप्रिल

बेडूक खाली बेशुद्ध पडला.

जमेल तसं लिहिते. सकाळी नेहमीसारखा उतरला. काही वेळाने दोरकाकांनी दोरी ओढून खूण विचारली, उत्तर नाही. पुन्हा विचारली, नाही. दुसरा पाणबुडा तयारीत बसलेला असतोच, तो उतरला. बेडूक जाळीला टेकून लोंबकळत होता. श्वासाची नळी तोंडात होती, नशीब. वर आणला तेव्हा ओठ निळे. दोरकाकांनी त्याचा हुड मागे ओढला, गळ्याशी काहीतरी केलं, हात खिशात घातला आणि मी जवळ गेले तर माझ्यावर ओरडले, लांब हो म्हणून. काका माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले.

सूटमध्ये पाणी होतं. बादलीभर नव्हे, पण होतं. मी हाताने चाचपून पाहिलं. छातीपासून पोटापर्यंत.

दवाखान्यात शुद्धीवर आला. मला बघून पहिलं काय म्हणाला असेल? "तू रडू नकोस." मी आधीच रडत होते.

१८ एप्रिल

डॉक्टरांनी गळ्यावरच्या रेघेबद्दल विचारलं. सूट गळ्याला घट्ट होता का? मी सगळं नीट समजावून सांगितलं: सील जुनं, मऊ, सैलसर, मी स्वतः रोज तपासते, घट्ट असण्याची शक्यताच नाही. त्यांनी लिहून घेतलं. मग हृदयाच्या तपासण्या सांगितल्या. तरुण माणूस विनाकारण बेशुद्ध पडला तर आधी हृदय बघायचं असतं, म्हणाले. तोपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. आणि हृदयातच काही निघालं तर कधीच नाही.

बेडूक छताकडे बघत पडून होता. पाण्याबाहेरचं दुसरं कुठलंही काम त्याला येत नाही, आवडतही नाही.

२० एप्रिल

सील घरी आणलं. दिवसाउजेडी खिडकीत धरून बोटबोटभर ताणून पाहिलं, मग भिंगातून. मलमाच्या शंकेने जीव खात होता: मी एकदा, फक्त एकदा, रात्री लावलेलं मलम सकाळी न धुता कामावर गेले होते. पण सील निर्दोष आहे. एक तडा नाही.

क्षणभर हायसं वाटलं. भाऊ दवाखान्यात आणि मला हायसं वाटतंय, ही बहीण कसली? आणि मग पाणी आत शिरलं कुठून, हा प्रश्न उरतोच. मनगटांची सीलं पाहिली. तीही ठीक. बहुतेक बेशुद्धीत मान वाकडी पडली असेल.

साहेबांकडे जाऊन सांगितलं, जबाबदारी माझी धरा. ते म्हणाले, कशाची? मी मलमाचं सांगितलं. त्यांनी मला पाणी प्यायला दिलं.

२४ एप्रिल

दोरकाका मला टाळतायत. मी समोरून आले की दोरी गुंडाळायला घेतात. गुंडाळलेली दोरी उलगडून पुन्हा गुंडाळतात. मी त्यांचीही माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही नका हो मागू. फार होतं मग." म्हणजे काय ते कळलं नाही.

बेडूक घरी आलाय. तपासण्यांत अजून काही सापडलेलं नाही, पण डॉक्टर आणखी एक मोठी तपासणी करणार आहेत. मी रोज सूप घेऊन जाते. भावजय दारातच भांडं घेते आणि सांगते, तो झोपलाय. इतका झोपतो हे काही चांगलं लक्षण नाही.

२७ एप्रिल

सगळं लिहिते. जसं झालं तसं.

भावजयीचा फोन आला, आज या. सूप आणू का विचारलं, तर म्हणाली, काही आणू नका, नुसत्या या. गेले. बेडूक स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, झोपलेला वगैरे अजिबात नाही, शेंगा सोलत होता. तिने माझ्यासमोर ते ट्यूबचं कडं ठेवलं. कापलेलं होतं, सुरीने.

"हे ओळखता?"

मी म्हणाले, हो, नळ्या बांधायचं.

"नळ्या नाही, ताई. त्याचा गळा."

बेडूक तिला म्हणाला, राहू दे ना. ती म्हणाली, "नाही राहू देणार. डॉक्टर तुझ्या हृदयात दोष शोधतायत. शोधता शोधता काहीतरी लिहून टाकतील आणि तू जन्मभर काठावर बसशील. दोरकाकांनी हे कडं कापलं, खिशात घातलं आणि चार दिवसांनी माझ्यापाशी येऊन रडले. तू सांगणार नसशील तर मी सांगते."

मग तिने सांगितलं. सील तडकलं नव्हतं, सैल पडलं होतं. रोज ताणून ताणून रबराचा जोर गेला होता. मान वळवली की गळ्याची शीर उठते आणि तिच्या बाजूने पाणी आत. जानेवारीपासून. बेडकाने सायकलच्या ट्यूबचं कडं करून सीलवरून घालायला सुरुवात केली. त्याने पाणी कमी झालं. पाणी वाढलं तसं त्याने आणखी बारीक ट्यूबचं, जास्त घट्ट बसणारं कडं कापलं. त्या दिवशी खाली मान वर करून जाळी खरवडत होता, कडं दोन्ही बाजूंनी गळ्यात रुतलं. तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या की हृदयाचे ठोके मंदावतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे तिने नंतर दुसऱ्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

मी सील ताणून पाहत होते. भिंगाने पाहत होते. ते गळ्यावर कसं बसतं हे मला गळ्याला विचारायचं सुचलं नाही.

मी म्हणाले, "मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं," बेडूक म्हणाला. "नवीन लावून बघायचं का, म्हणालो. तू सील काढून दाखवायला लागलीस. लोक तान्हं बाळ दाखवतात तसं. मग काय बोलणार?"

"गळतंय म्हणायचं. एक शब्द."

तो शेंगा सोलत होता. सोलता सोलता म्हणाला, "ताई, मागच्या वेळी ताप मला होता आणि धीर तुला द्यावा लागत होता. तू रोज यायचीस, उशाशी बसून रडायचीस. मी खोकत खोकत म्हणायचो, तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. मला झोपायचं होतं गं."

भावजय म्हणाली, "तुम्ही राजीनामा लिहून आणला होतात. तो फाडायला हा तापातून उठला."

मला हे आठवत होतं, पण असं आठवत नव्हतं. मला वाटायचं मी त्याची सेवा करत होते.

मी म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ कर."

"बघ," तो म्हणाला. रागाने नाही. थकून. "तू माफी मागितलीस की मला लगेच 'असू दे' म्हणावं लागतं. कधी कधी नसतं असू दे."

यावर मी पुन्हा माफी मागणार होते. शब्द तोंडापर्यंत आला होता. भावजयीने माझ्यापुढे शेंगांची परडी सरकवली. मी सोलायला लागले. तिघंही सोलत बसलो. निघताना तो म्हणाला, उद्या सूप नको आणूस, मला सूप आवडत नाही. कधीच आवडलं नाही.

२८ एप्रिल

डॉक्टरांकडे गेले. सील घट्ट नव्हतं हे मी खात्रीने सांगितलं होतं, ते कडं मला माहीत होतं पण कशाचं ते माहीत नव्हतं, मीच त्याला पावडर लावून परत ठेवलं होतं, हे सगळं सांगितलं. त्यांना पावडरीत रस नव्हता. कडं हातात घेऊन पाहिलं, त्याच्या गळ्याचं माप विचारलं आणि म्हणाले, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच. मोठी तपासणी तरी करूच, पण आता नजर वेगळी ठेवून.

साहेबांनाही सांगितलं. दोरकाकांना काही बोलू नका, असंही सांगितलं. साहेब म्हणाले, ते मी ठरवेन. बरोबर आहे.

घरी येऊन बेडकाला सविस्तर पत्र लिहायला बसले: मी त्याला किती त्रास दिला, मुद्देसूद. नवऱ्याने पेन काढून घेतलं. म्हणाला, "हे वाचून तो काय करणार?" मी म्हणाले, त्याला कळेल मला किती वाईट वाटतंय. नवरा म्हणाला, "त्याला ते माहीत नाही असं वाटतं तुला?"

मग ही नोंद दुसऱ्या पेनाने लिहितेय.

३ मे

सूप नेलं नाही. दिवसभर हात रिकामे वाटत होते.

११ मे

सभा झाली. साहेब म्हणाले होते, पुढे ढकलू, किंवा फक्त धुणं-वाळवणं सांगा. मी तेच सील नेलं. धुणं, सावली, पावडर, मोटरपासून लांब, सगळं सांगितलं. मग सील हातात धरून म्हणाले की हे बघा, तडा नाही, आणि तरी हे तीन-चार महिने गळत होतं. रबर टिकलं याचा अर्थ माणूस कोरडा राहिला असा होत नाही. प्रत्येक वेळी पाणबुड्याला विचारा. आणि तो जे सांगेल ते ऐकताना त्याला तुमची समजूत काढायला लावू नका. हे शेवटचं वाक्य मी लिहून नेलं नव्हतं.

सगळ्यांनी पावडरीचं नीट टिपून घेतलं. शेवटच्या वाक्याला कोणाचंच पेन हललं नाही. एकाने विचारलं, बिनवासाची पावडर कुठे मिळते?

सभा संपल्यावर कात्री घेतली आणि ते सील सूटपासून कापून काढलं. इतकं मऊ होतं की कात्रीला जाणवलंच नाही. नवं सील चिकटवलं, बेडकाला बोलावून त्याच्या गळ्यावर बसवून पाहिलं. मान डावीकडे, उजवीकडे, वर. बोट आत जातं का पाहिलं. कडेचं एक वलय कापलं, तेवढं सील सैल होतं, पुन्हा पाहिलं. मनगटांची दोन्हीही नवी लावली, तशीच एकेक वलय कापून. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. मी विचारलं, खरं सांग, कुठे दाबतंय? तो म्हणाला, "कुठे नाही. अगदी." माझा विश्वास बसला नाही आणि ते मी बोलले नाही.

२९ मे

हृदयात काही दोष नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली. भावजयीने फोनवर सांगितलं. तेव्हा आठवलं, मलमाबद्दल तिची माफी मागायची राहिली होती. मागितली नाही. सांगितलं, मलम संपत आलंय, तसलंच आणखी एक आणशील का? ती म्हणाली, आणते की.

४ जून

आज बेडूक पुन्हा उतरला. मी काठावर, दोरकाकांच्या शेजारी. काकांनी दोरी ओढून खूण विचारली, खालून लगेच उत्तर आलं. पुन्हा विचारली, पुन्हा आलं. बहुतेक माझ्यासाठीच विचारत होते. मीही न विचारता समजून घेतलं.

वर आला. हुड काढला. गळा कोरडा, रेघ नाही. हातमोजे काढायला मी पुढे झाले, तेव्हा तो माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत म्हणाला,

"ताई, डावं मनगट गळतंय. थोडंच."

दोरकाका दोरी गुंडाळायला लागले.

डावं मनगट. मागच्या वेळी फाटलं तेच. सील नवं आहे. कडेचं वलय मी कापलं होतं. एक जास्त कापलं गेलं का? चिकटवताना सुरकुती राहिली का? घाईत होते का? बाही चाचपली, कोपरापर्यंत ओली होती. थंड पाणी. सगळं तोंडाशी आलं, मला माहीत असलेला प्रत्येक शब्द.

"बरं," मी म्हणाले.

तो थांबला. आणखी काही येतंय का, याची वाट बघत होता. काकाही दोरीवरून वर बघत होते.

"बरं? एवढंच?"

"सूट काढ. मला धुवायचाय."

तो हसला आणि बाकावर बसून बूट ओढायला लागला. खाली जाळीला किती शिंपले चिकटलेत ते काकांना सांगत होता, मोठमोठ्याने, आधी सांगायचा तसं. मी सूट घेऊन कोठडीत आले आणि दार लावून घेतलं. तिथे जे झालं ते इथे लिहीत नाही. मग साबण घेतला.

उद्या: डाव्या मनगटाचं सील बदलणे.